फोनच्या खोक्यावर पण तारीख हवी

संपादकांना नमस्कार,

मी कोथरूडला घरगुती डबे करते. ऑर्डर, पत्ते, कोणाला आज भाजी नको, कोणाचा उपवास, सगळं व्हॉट्सअपवर येतं, त्यामुळे फोन म्हणजे माझ्यासाठी टाइमपास नाही, फोन बंद तर माझा धंदा बंद. हा फोन मी २०१८ च्या दिवाळीत घेतला आणि तोच अजून वापरतेय. पत्र लिहायचं कारण असं की आमच्या सोसायटीत परवा एकाच आठवड्यात तीन जणींनी फोन बदलले, एक्स्चेंजच्या जाहिराती बघून, आणि का बदलला विचारलं तर तिघींचं उत्तर एकच, "अगं चार्जिंगच टिकत नव्हतं." मला खरंच वाईट वाटलं, कारण चार्जिंग टिकत नाही म्हणजे फोन गेला असं नसतं हो, बॅटरी गेलेली असते, आणि गाडीचा टायर झिजला म्हणून आपण गाडी विकतो का?

माझंही असंच झालं होतं. २०२१ मध्ये फोन तीस टक्क्यांवर असतानाच पटकन बंद पडायचा, त्यातही फोटो काढायला कॅमेरा उघडला की हमखास. सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या मुलीने पाच मिनिटांत सांगून टाकलं की बोर्ड गेलाय, खर्च नऊ हजार, त्यापेक्षा नवीन घ्या. मी जवळजवळ घेतलाच होता. पण पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या गल्लीत माझा भाऊ ज्याच्याकडे जातो त्या रिपेरिंगवाल्याकडे एकदा दाखवू म्हणलं, त्याने फोन उघडला, मीटर लावला आणि म्हणाला, "ताई बोर्ड एकदम ओके आहे, बॅटरी दमलीय." जुनी बॅटरी टक्के दाखवते पण कॅमेऱ्यासारखं काम आलं की एकदम जास्त करंट लागतो, तेवढा ती देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं आणि फोन बंद होतो. बाराशे रुपये आणि अर्धा तास, विषय संपला. दुसऱ्यांदा बॅटरी २०२४ मध्ये बदलली. म्हणजे इतक्या वर्षांत दोन बॅटऱ्या, एक चार्जिंगची पिन आणि दोन-तीन काचा, एवढाच खर्च.

त्या रिपेरिंगवाल्या मुलाने तेव्हा मला एक प्रश्न विचारला होता जो मी विसरले नाही, "ताई फोन ठेवता कुठे?" मी ठेवायचे ओट्यावर, गॅसच्या बाजूला, कारण पोळ्या लाटताना मेसेज बघता यायचे. तो म्हणाला तिथेच मारलात तुम्ही त्याला. आतली लिथियमची बॅटरी सगळ्यात जास्त कशाने म्हातारी होत असेल तर उष्णतेने, आणि त्यात ती शंभर टक्के भरून तशीच गरम जागी पडली असेल तर अजून लवकर. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत किंवा काचेमागे उन्हात ठेवलेला फोन, रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, जाड कव्हर घालून चार्जिंग करता करता त्यावरच व्हिडिओ बघणं, हे सगळं त्यातलंच. आता माझा फोन खिडकीजवळच्या फळीवर असतो, गॅसपासून लांब, आणि साधारण वीसच्या खाली जाऊ देत नाही आणि ऐंशी-पंच्याऐंशीला काढते. बऱ्याच नवीन फोनमध्ये ऐंशीला आपोआप थांबायचं सेटिंग असतं, बॅटरीच्या सेटिंगमध्ये शोधा, सापडेल. पण त्याचा धसका घेऊन बसू नका, बाहेर जायचंय तर शंभर करा, रोज रोज करू नका एवढंच.

आमच्याकडे डबे पोचवणारा मुलगा आहे त्याचा फोन बाईकच्या हँडलवर होल्डरला लावलेला असायचा, मॅप बघायला. सहा-सात महिन्यांत कॅमेरा थरथरायला लागला, फोटो सगळे हललेले. आता आपले रस्ते कसे आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको, पण नुसते खड्डे नाहीत, इंजिनचा सारखा बारीक थरथराट पण असतो, आणि हल्लीच्या कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून लेन्स तरंगती ठेवलेली असते ती त्याने खराब होऊ शकते. अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की जास्त ताकदीच्या इंजिनच्या मोटरसायकलला आयफोन लावू नका म्हणून. आता तो फोन खिशात ठेवतो आणि कानात एक इअरफोन लावून रस्ता ऐकतो.

पावसाचं सगळ्यांना माहितीच आहे तरी सांगते, भिजलेला फोन तांदळात घालू नका, तांदूळ पाणी काही फारसं ओढत नाही उलट त्याची पावडर पिनमध्ये जाते. बंद करा, पुसा, पिन खाली करून हवेवर ठेवा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला अजिबात लावू नका. वॉटरप्रूफ लिहिलेल्या फोनचं रबर आणि गोंद पण वर्षांबरोबर कमजोर होतो, आणि एकदा उघडला की तेवढा भरवसा राहत नाही. आणि चार्जर ढिला बसतोय म्हणून पिन बदलायला जाण्याआधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच आतला कापूस काढून बघा, खिशातला धागा-धूळ दाबून बसलेली असते, माझ्या मैत्रिणीचे चारशे रुपये तिथेच वाचले.

बॅटरी बदलताना मात्र स्वस्ताच्या मागे लागू नका. शेजारच्या काकूंनी साडेतीनशेची टाकली होती, चार महिन्यांत फुगली, मागचं झाकण वर आलं. असं दिसलं की लगेच वापर थांबवायचा, चार्जिंग नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर नाहीच, आग लागते. आणि ती बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका हो, कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात ती जाते. कचरा वेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेवाले ई-कचरा वेगळा घेतात, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आधी विचारा आणि वेगळी द्या.

आता माझा खरा मुद्दा. माझ्या फोनची काच नीट, बॅटरी नवी, आवाज नीट. पण कंपनीने २०२१ नंतर एकही अपडेट दिलेलं नाही. सिक्युरिटीचे अपडेट बंद म्हणून मी बँकेचं काम त्यावर करायचं सोडलं, ते मुलाच्या फोनवरून करते, आणि उद्या व्हॉट्सअपने पण हात वर केले तर चांगला फोन कपाटात टाकायला लागेल. व्हॉट्सअपने अँड्रॉइड ४.४ वाले जुने फोन बंद केलेच की. म्हणजे फोन मरतो तो झिजून नाही, कंपनीने पाठ फिरवली म्हणून मरतो. आणि हे मला २०१८ ला दुकानात कोणी सांगितलं? खोक्यावर कॅमेरा किती, रॅम किती, रंग कुठला सगळं होतं, हा फोन किती वर्षं सांभाळला जाईल हे एका ओळीत पण नव्हतं.

मी खायचे पदार्थ विकते म्हणून मला हे जास्तच टोचतं. मिठाईच्या दुकानात ट्रेमधली सुट्टी बर्फी असते ना, तिच्यासमोर सुद्धा कधीपर्यंत खायची ती तारीख लावणं ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं, आणि बरोबरच आहे ते. मग वीस हजाराच्या फोनवर तारीख का नको? आणि हे होऊ शकतं. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय, तिथे मॉडेलची विक्री थांबल्यावर पण निदान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात, बॅटरी-डिस्प्लेसारखे पार्ट सात वर्षं मिळाले पाहिजेत, बॅटरी आठशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर सुद्धा ऐंशी टक्के तरी टिकली पाहिजे, आणि रिपेअर करायला किती सोपा त्याचा ए पासून ई पर्यंत ग्रेड लेबलवर छापायचा. सॅमसंग आणि गुगल आता वरच्या मॉडेलना सात वर्षं अपडेट देतात, मग जमत नाही असं कसं म्हणणार? पण ते महागातले, आमच्यासारखे दहा-पंधरा हजारवाले काय करणार.

आपल्याकडे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, फोन दुरुस्तीला सोपा की अवघड याचा इंडेक्स असावा म्हणून समिती नेमली, तिने २०२५ मध्ये अहवाल पण दिला. आता तो इंडेक्स खोक्यावर कधी दिसणार, हे तुमच्यासारख्या पेपरने सारखं विचारत राहायला पाहिजे, आम्ही विचारलं तर कोण ऐकतंय.

आणि एक विनंती तुमच्याकडे. तुमच्या पुरवणीत नवीन फोनची माहिती येते, त्यात मेगापिक्सल, प्रोसेसर, किंमत सगळे रकाने असतात. त्यात अजून दोन रकाने टाका ना, अपडेट कुठल्या सालापर्यंत, आणि कंपनीकडे बॅटरी बदलायला किती रुपये. ज्या कंपनीने सांगितलं नाही तिथे "सांगितलं नाही" असंच छापा.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे