हारतुऱ्यांशिवाय व्याख्यान

फिलाडेल्फिया
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. वाचनालयाचं कार्यवाहपद तुमच्या गळ्यात पडल्याचं आईकडून कळलं होतंच, पण व्याख्यानाला पहिल्या दोन रांगा भरायची मारामार आणि त्यातही निम्मे कार्यकारिणीचे, हे तुमच्या अक्षरात वाचताना हसू आवरेना. ‘तिकडे लायब्ररीत लेखकांचे कार्यक्रम, गाणं-बजावणं कसं चालतं ते सविस्तर लिही’ म्हणालात, म्हणून आज जेवण उरकून बसलेच लिहायला.

इथल्या लायब्ररीचं नावच ‘फ्री लायब्ररी’. लायब्ररीचे संस्थापक डॉ. विल्यम पेपर यांच्या काकांनी मृत्युपत्रात सव्वादोन लाख डॉलर ठेवले, त्यातून १८९१ मध्ये ती उभी राहिली. पुढे १९०३ मध्ये पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने पंधरा लाख डॉलर दिले आणि त्यातून गावभर पंचवीस शाखा बांधल्या गेल्या. (पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, म्हणजे या बाबतीत आपण थोरले. हे मी इथे दोघातिघांना ऐकवून झालंय.) सभासद व्हायला वर्गणी नाही की अनामत नाही. आणि हे तुम्हाला मुळीच रुचणार नाही, पण २०२० पासून पुस्तक उशिरा दिलं तरी दंड नाही.

लेखकांचे मोठे कार्यक्रम मध्यवर्ती इमारतीत, खालच्या सभागृहात होतात. सगळंच फुकट असतं असं समजू नका, नावाजलेल्या लेखकाला तिकीट असतं. कार्यक्रम मात्र वेळेवर सुरू होतो. दीपप्रज्वलन नाही, प्रतिमापूजन नाही, अध्यक्ष नाहीत, ‘आपला अमूल्य वेळ काढून’ नाही. लायब्ररीचं कुणीतरी येतं, दोन-तीन मिनिटांत ओळख करून देतं आणि बाजूला होतं. मग लेखक पुस्तकातली चार पानं वाचतो, मुलाखतकाराशी गप्पा मारतो, आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. हे प्रश्नच मला सगळ्यात आवडतात. आपल्याकडे आभारप्रदर्शनापर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात. इथे माइकपुढे रांग लागते. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच भाषण ठोकणारे काका इथेही आहेत बरं का! परवाच्या गृहस्थांना मुलाखतकर्तीने ‘यात प्रश्न कुठला?’ असं इतक्या गोडीने विचारलं की तेसुद्धा हसले.

नंतर सह्यांची रांग. तिथली एक युक्ती तुम्ही उद्यापासून उचलावी. एक स्वयंसेविका रांगेतून फिरत प्रत्येकाचं नाव पिवळ्या चिकट चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या पानावर लावते. लेखकाला नाव परत परत विचारावं लागत नाही, रांग भराभर सरकते. मृणाल हे नाव इथे कुणाला धड लिहिता येत नाही, म्हणून मी तिच्या हातून पेन घेऊन माझी चिठ्ठी मीच लिहिली. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढे कुणालाही मोफत ऐकता येतं. आपल्याकडे एवढी व्याख्यानं झाली, त्यातलं एक तरी कुठे ठेवलंय का हो? आता मोबाइल असताना तेवढं तरी करा.

गाण्या-बजावण्याचं म्हणाल तर माझा ओढा आमच्या वस्तीतल्या लहान शाखेकडे. गेल्या महिन्यात तिथे चार तरुण वादकांचा कार्यक्रम होता. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनचाच थोरला भाऊ), एक चेलो (खुर्चीत बसून, जमिनीवर उभं टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिनच म्हणा). वेगळं सभागृह नाहीच. चाकांची कपाटं भिंतीकडे ढकलली आणि मुलांच्या विभागात खुर्च्या मांडल्या. चेलोला खाली टोकदार लोखंडी खुंटी असते, ती गुळगुळीत फरशीवर सटकायला लागली. ग्रंथपालबाई उठल्या, गोष्टींच्या तासाला मुलं बसतात ती रंगीत अक्षरांची सतरंजी ओढत आणली आणि चेलोवाल्या मुलीची खुर्ची तिच्यावर ठेवली. सगळा कार्यक्रम तिने त्या सतरंजीवर बसून वाजवला. समोर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते ना उठले, ना त्यांना कुणी उठवलं. दुसरी रचना सुरू झाली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

पण खरी नवलाई मध्यवर्ती इमारतीतल्या संगीत विभागात आहे. तिथून गिटार, युकेलेली, मँडोलिन पुस्तकासारखं कार्डावर घरी नेता येतं! शिवाय एडविन फ्लायशर नावाच्या गृहस्थाने १९२९ मध्ये दिलेला वाद्यवृंदाच्या स्वरलिपींचा संग्रह आहे. वीस हजारांहून जास्त रचना, आणि प्रत्येक वादकाचं पान वेगळं. जगभरचे वाद्यवृंद त्या भाड्याने मागवतात. १९३० नंतरच्या मंदीत काम नसलेल्या लोकांना सरकारने पगार देऊन इथे बसवलं आणि छापल्या न गेलेल्या रचना हाताने उतरवून घेतल्या. नाहीतर त्यातल्या किती आज हाती लागल्या असत्या कोण जाणे.

हे वाचल्यापासून मला आपल्या वरच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या वह्या आठवतायत. बुवांच्या ट्रंकेत आहेत त्या. चाली कुणाच्या, कुठल्या रागावर बेतलेल्या, ते सगळं समासात पेन्सिलीने लिहिलेलं. बाबा, पुढच्या कार्यक्रमाला बाहेरचा वक्ता बोलावण्याआधी बुवांना बोलवा. मंडळाने वाचनालयातच गावं, आणि त्याच दिवशी वह्यांचे फोटो काढून एक प्रत वाचनालयात ठेवावी. मानधन मी पाठवते. माळ्यावरची आजीची पेटी भात्याला भोकं पडायच्या आत दुरुस्त करून घ्या आणि सभासदांना घरी न्यायला द्या. जोशीकाका ‘मोडली तर कोण भरून देणार?’ म्हणतीलच. त्यांना सांगा, पुस्तकंही फाटतात.

शाल-श्रीफळाचे पैसे वाचवून खुर्च्यांना गाद्या घ्या असं मी म्हटल्याचं सभेत माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल. मी इथे लांब आहे, मला कुणी काही म्हणणार नाही.

आईची गुडघेदुखी कशी आहे? तिने सांगितलेलं मेतकूट इथल्या मिक्सरवर चांगलं झालं. आजीला नमस्कार, छोट्याला पापा. सभेत काय ठरतं ते लगेच कळवा, आणि मतदान झालं तर आईचं मत माझ्या बाजूने धरा.

तुमची,
मृणाल