टेकड्यांच्या वाटांवर माहितीफलक हवेत

महोदय,

सुट्टी लागली की आपण पुणेकर महाबळेश्वर किंवा लोणावळ्याच्या वाहतूक कोंडीत तासन्‌तास अडकतो. परंतु वेताळ टेकडीवर कोथरूड, पाषाण, पंचवटी किंवा गोखलेनगर या चारही बाजूंनी पायी चढता येते, हे शेजारच्या वस्तीतील अनेकांना ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. माथ्यावरील जुन्या दगडखाणीत पावसाळ्यात साचणारे पाणी, झुडपांतून येणारी मोराची केका आणि पहिल्या सरींनंतर हिरवा होणारा उतार हे सारे शहराच्या मध्यभागी आहे. तळजाई आणि पर्वती याही अशाच जवळच्या.

नद्यांची ओळख त्याहून कमी. बावधन-पाषाणमधून वाहत येऊन मुळेला मिळणारी रामनदी अनेकांना केवळ नाला वाटते, आणि संगमापाशी मुळा व मुठा एकत्र येतात हे मुलांना पुस्तकातूनच कळते. नदीकाठी दुर्गंधी आहे, हे खरेच. तरीही जी नदी कोणी पाहायलाच जात नाही, तिच्यासाठी आवाज कोण उठवणार?

महापालिका व वनविभागाने प्रत्येक चढाच्या पायथ्याशी वाटेचा नकाशा, अंतर आणि तेथील झाडा-पक्ष्यांची मराठी नावे असलेला साधा फलक लावावा. शाळांनीही वर्षातून एक सहल पाषाण तलाव किंवा संगमापर्यंत पायी न्यावी, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे