गोवराची केस उशिरा कळवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
वीकेंड कोरियन भाषा शाळा

विषय: क्लासमधली गोवराची केस वेळेत न कळवल्याबद्दल

नमस्कार,

मी तुमच्याकडे शनिवारी दुपारच्या बिगिनर बॅचला येते. शुक्रवारी रात्री ग्रुपवर तुमचा मेसेज आला की एका विद्यार्थ्याची तब्येत बरी नाही, खबरदारी म्हणून वर्ग सॅनिटाईज केलाय, उद्याचे क्लास नेहमीप्रमाणे होतील. बस्स एवढंच. आजार कुठला, कुठल्या बॅचला, कुठल्या दिवशी, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एका पालकांकडून कळलं की सकाळच्या मुलांच्या बॅचमधल्या एकाला गोवर झालाय आणि त्याच्या घरच्यांनी सोमवारी सकाळीच तुमच्या ऑफिसला फोन करून सांगितलं होतं. म्हणजे पोरगं तापाने फणफणलेलं असताना त्या माणसांनी आठवणीने कळवलं आणि ती माहिती तुमच्याकडे शुक्रवारपर्यंत नुसती पडून राहिली.

चार दिवसांनी काय बिघडतं असं तुम्हाला वाटत असेल तर नीट सांगते, कारण माझी तक्रार मुळात याच चार दिवसांबद्दल आहे. ज्यांचे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचे डोस पूर्ण नाहीत त्यांनी गोवराच्या पेशंटशी संपर्क आल्यावर ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तो मुलगा ज्या शनिवारी क्लासला आला होता त्या शनिवारपासून ७२ तास म्हणजे मंगळवार. सोमवारी एक साधा मेसेज टाकला असता तर आमच्याकडे पूर्ण एक दिवस होता. लहानपणी माझा एकच डोस झालाय, दुसऱ्याची कुठेच नोंद नाही, मी त्याच दिवशी जाऊन घेऊन आले असते. आणि आमच्या बॅचमध्ये एक जण प्रेग्नंट आहे हे तुमच्या टीचरना माहितीये, तिला तर गरोदरपणात ही लस देताच येत नाही, तिच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन असतं आणि ते सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. तुमचा मेसेज आला तेव्हा सहावा दिवस पण संपला होता. आता ती रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसलीये, तिच्या जागी तुमच्या घरातलं कोणी असतं तर तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबला असता का?

सॅनिटाईजबद्दल पण बोलायला हवं. गोवर हवेतून पसरतो, पेशंट खोलीतून गेल्यावरसुद्धा त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. मुलांची बॅच सुटते आणि अर्ध्या तासात आम्ही त्याच खोलीत बसतो, खिडक्या बंद, एसी चालू. त्यात भाषेचा क्लास म्हणजे सगळे मोठ्याने एका सुरात म्हणणार, जोड्या करून समोरासमोर बोलणार, आणि तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ख, थ, फ चा श्वास नीट बाहेर पडतोय का ते बघणार. ही पद्धत चांगली आहे, माझे उच्चार त्यानेच सुधारले, टीचरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण असा क्लास जिथे चालतो तिथे नंतर बेंच पुसून काय होणार, तेव्हा गरज होती ती आमची बॅच दुसऱ्या खोलीत नाहीतर ऑनलाइन घ्यायची आणि दोन बॅचमध्ये खिडक्या उघडून जास्त वेळ सोडायची.

ऑफिसला फोन केला तर उत्तर मिळालं की प्रायव्हसीमुळे सांगता येत नाही. अहो मला त्या मुलाचं नाव नकोच आहे. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो, तेव्हा नुसती सर्दी आणि ताप दिसतो, त्यामुळे त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना कोणी दोष द्यायचा प्रश्नच येत नाही. आजाराचं नाव, तारीख, वेळ आणि खोली, एवढं सांगितलं तर कुणाची ओळख उघडी पडते?

तुम्ही कल्चरच्या तासाला कोरोनात कोरियाने टेस्टिंग कसं केलं, लोकांना मोबाईलवर अलर्ट कसे पाठवले ते एवढं छान समजावलं होतं. त्याच्या आधीची गोष्ट पण तिथलीच आहे. २०१५ ला मर्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, २० मेला पहिली केस कन्फर्म झाली पण कुठल्या हॉस्पिटलमध्ये पेशंट आहेत ते सरकारने ७ जूनपर्यंत जाहीर केलं नाही, लोक प्रचंड चिडले, एकूण १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण गेले. त्यानंतर तिथे माहिती जाहीर करण्याचा कायदाच बदलला. गोवराचंही तसंच, २०००-०१ च्या साथीत तिथे ५० हजारांहून जास्त केसेस झाल्या, मग त्यांनी लाखो शाळकरी मुलांना लस दिली आणि प्राथमिक शाळेत प्रवेशाच्या वेळी दुसऱ्या डोसचा दाखला मागायला लागले. ज्या देशाची भाषा तुम्ही शिकवता त्याने एवढं सोसून जे शिकून घेतलं ते तुमच्या शाळेत का दिसू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक, तुमचा ८० टक्के हजेरीचा नियम. हजेरी कमी पडली की सर्टिफिकेट नाही, त्यामुळे टोपिकची (कोरियन भाषेच्या परीक्षेची) तयारी करणारे लोक ताप असला तरी गोळी घेऊन येतात आणि आईबाप खोकणाऱ्या मुलांना पण आणून सोडतात. आजारपणाच्या सुट्टीला हा नियम लावू नका, आणि टीचर आजारी असेल तर तिचे त्या दिवसाचे पैसे कापू नका, नाहीतर ती पण तशीच येणार.

माझं म्हणणं आहे की त्या शनिवारी त्या खोलीत बसलेल्या सगळ्या बॅचेसना आजाराचं नाव आणि वेळ लिहून लेखी कळवा. गोवर दिसायला तीन आठवडेसुद्धा लागू शकतात, तोपर्यंत आमचे क्लास ऑनलाइन घ्या आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांची तेवढी फी परत करा. आरोग्य विभागाला कळवलंय की नाही तेही मला लेखी हवंय, आणि यापुढे अशी केस आली तर त्याच दिवशी मेसेज कोण टाकणार ते आत्ताच ठरवून त्या माणसाचा नंबर ग्रुपवर द्या.

माझ्या ताईचं बाळ अजून वर्षाचंही नाही, त्याची ही लस व्हायचीये, म्हणून मी सध्या घर सोडून मैत्रिणीकडे राहतेय. येत्या शनिवारच्या आत तुमचं उत्तर आलं नाही तर मी स्वतः आरोग्य विभागाकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आपली,
शनिवार दुपारच्या बिगिनर बॅचची विद्यार्थिनी