सहाव्या आठवड्याचा प्रश्न

ता. रावेर, जि. जळगाव
दि. १४ मार्च

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. ते मी दोनदा वाचले; एकदा घरी, आणि एकदा रात्री मळ्यातल्या पंपाजवळ, कारण या आठवड्यात आमच्या भागाला थ्री-फेज वीज रात्रीची आहे आणि नानांचा गुडघा दुखत असल्यामुळे ठिबक सुरू करायला मीच जातो. असली संधी रावेर तालुक्यातल्या मुलाच्या दारात पुन्हा येत नाही, तेव्हा डोळे झाकून बेल्जियमच्या उन्हाळी शाळेला निघ, असे तू लिहिले आहेस. तुझा राग ओढवून घेऊन सांगतो, की काल रात्री मी त्यांना नकार कळवला. फोनवर सांगितले असते तर तू मला एक वाक्यही पुरे करू दिले नसतेस, म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे.

तुला अर्धी हकीकत ठाऊक आहे, ती आधी पुरी करतो. बंगळूरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यांतली बंगळूरूची अकादमी सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली. मी हिवाळ्यात अर्ज केला होता आणि खरे सांगायचे तर विसरूनही गेलो होतो. आता निवड झाली आहे आणि बंगळूरूच्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या विषाणूंवर काम करणाऱ्या बाई मार्गदर्शक म्हणून मिळाल्या आहेत. मुदत १८ मे ते १२ जुलै, मोजून ५६ दिवस. बेल्जियमची उन्हाळी शाळा २२ जून ते १७ जुलै. सकाळी व्याख्याने, दुपारी गटांतली चर्चा, आठवड्याच्या शेवटी सहली, आणि विषय उष्ण कटिबंधातली पिके. शुल्क माफ, राहणे-जेवण त्यांच्याकडे. तिकीट, व्हिसा आणि विमा आपला. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अंगावर येतात त्या नेमक्या २२ जूनला.

मला बेल्जियमचे आकर्षण नव्हते, असे समजू नकोस. माझा जीव अडकला होता तो लुव्हेन गावात. तिथल्या विद्यापीठात १९८५ पासून जगभरच्या केळीचा संग्रह आहे, दीड हजारांहून अधिक वाण, आणि तो सगळा काचेच्या नळ्यांत! सोळा अंश तापमानात, मंद उजेडात, बोटभर रोपे सावकाश वाढत ठेवलेली असतात, आणि पुष्कळ वाणांचे कोंब उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येही गोठवून ठेवले आहेत. ज्या देशात केळीचे एक शेत नाही तिथे हा संग्रह आहे, हे ऐकून नाना पोट धरून हसले. पण त्यात शहाणपण आहे, कारण शेतच नाही तर शेतातला रोग संग्रहात शिरण्याची आणि संग्रहातला शेतात जाण्याची भीतीही नाही. उन्हाळी शाळेच्या कार्यक्रमात एक दिवस त्या संग्रहासाठी राखलेला होता. माझे आजोबा बसराई वाण लावत असत. आता आमच्याकडे सगळीकडे ग्रँड नैन. आजोबांची बसराई तिथल्या एखाद्या नळीत असेल का, या विचाराने मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

पण तो एक दिवस. उरलेल्या दिवसांचे काय, हे मी स्वतःला विचारू लागलो तेव्हा अडचण सुरू झाली.

तू सुचवलेला मधला मार्ग मीही काढून पाहिला होता: पाच आठवडे बंगळूरूला काम करावे, बाईंची परवानगी काढावी आणि सहाव्या आठवड्याच्या आरंभी विमानात बसावे. कागदावर ते छान दिसते. पण केळीच्या पानाशी ज्याने झटापट केली आहे त्याला विचार. तुला आठवत असेल, आपण अकरावीत असताना तू आमच्या मळ्यात कापणी बघायला आला होतास आणि घड खांद्यावर घेण्याच्या हौसेपायी नवा पांढरा सदरा चिकाने कायमचा खराब करून घेतला होतास. आईने सोडा लावला, लिंबू लावले, डाग तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी अधिक काळा झाला. त्या चिकात फिनॉल जातीची जी द्रव्ये असतात, ती हवा लागली की काळी पडतात. तीच द्रव्ये प्रयोगशाळेत आमच्या मुळावर येतात. पान वाटून त्यातून आरएनए, म्हणजे विषाणू ओळखायला लागणारे जनुकीय द्रव्य, काढायला जावे तर नळीच्या तळाशी पांढऱ्या गोळीऐवजी तपकिरी चिकट लगदा बसतो, आणि त्या लगद्यातून पुढची चाचणी होत नाही. मी दिवाळीनंतर आमच्या विभागात चार दिवस हा खटाटोप केला आणि चारही दिवस लगदाच काढला. पीव्हीपी नावाची एक भुकटी घातली की ती या द्रव्यांना धरून ठेवते, हे पुस्तकात लिहिलेले आहे. ती किती घालायची, केव्हा घालायची, आणि पान कोवळे घ्यायचे की जून, हे हाताला कळायला दिवस लागतात.

म्हणून मी आठवडे मोजले. पहिला आठवडा खोली, ओळखपत्र आणि कोणती बाटली कुठे असते यात जाणार. दुसरा आणि तिसरा आठवडा स्वच्छ आरएनए हाती येण्यात, तेही नशीब असेल तर. चौथ्या-पाचव्यात चाचणी बसवायची, म्हणजे निरोगी पानात ती काही दाखवत नाही आणि रोगट पानात दाखवते, याची खात्री करायची. ज्या रोपांकडे बघून काहीच कळत नाही अशा रोपांवर ती लावून पाहायची पाळी येते सहाव्या आठवड्यात, आणि मग अहवाल लिहायचा. तुझ्या मधल्या मार्गाने गेलो असतो, तर मी भाकरी थापून, तव्यावर टाकून, उलटायच्या वेळी उठून गेलो असतो.

रोपांचे सांगतो, कारण या सगळ्याचे मूळ तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मृगबागेसाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या लागवडीसाठी, एका रोपवाटिकेतून टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपे आणली. दीड बाय दीड मीटरवर लावायची म्हटली तर हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात, तेव्हा खर्चाचा अंदाज तुला येईल. रोपे दिसायला तजेलदार होती. आषाढात आठ-दहा दिवस सूर्य दिसला नाही, मावा वाढला, आणि पानांवर पिवळे पट्टे उठू लागले. मग पोंगा, म्हणजे मधले न उलगडलेले पान, सडू लागला. आपल्याकडे याला हरण्या म्हणतात, पुस्तकात कुकुंबर मोझॅक विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटायचे आणि नष्ट करायचे. नाना आणि मी मिळून सातशे झाडे उपटली, आणि नाना प्रत्येक झाड उपटताना त्याचे पान एकदा उलटून बघत होते, जणू एखादे तरी निरोगी निघेल. रोग रोपांतूनच आला की बांधावरच्या काकडीच्या वेलांवरून माव्याने आणला, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही, कारण रोपे घेताना ती तपासण्याची सोय आमच्या हाती नव्हती. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, तुमच्या शेतात आला. आम्ही म्हणालो, तुमच्याकडून आला. आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. बंगळूरूच्या बाईंनी मला दिलेला विषय आहे तो हाच: लक्षणे दिसण्याआधी, रोप पिशवीत असतानाच हा विषाणू ओळखता येतो का. मी त्यांना आमच्या सातशे झाडांविषयी काही कळवले नव्हते. त्यांच्या पत्रातला विषय वाचला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो आणि काही वेळ तसाच बसून राहिलो.

आता तुझा दुसरा मुद्दा, की परदेशाचा शिक्का बायोडेटावर उठून दिसतो. दिसतो, हे खरे. पण पुढे मला पीएच.डी. करायची आहे, आणि शक्य झाले तर युरोपातच. तिकडे पीएच.डी.च्या बऱ्याच जागा नोकरीसारख्या पगारी असतात आणि त्या देताना ते विचारतात, की या मुलाला हाताने काय येते आणि त्याच्याविषयी कोण लिहून देईल. चार आठवड्यांच्या वर्गात पंचविसांत बसलेल्या मुलाविषयी प्राध्यापक काय लिहिणार? हजर होता, प्रश्न विचारत होता, स्वभावाने चांगला आहे. ज्या बाईंनी माझा तपकिरी लगदा तीन वेळा पाहिला असेल आणि चौथ्या वेळी पांढरी गोळीही पाहिली असेल, त्यांच्या दोन ओळी मला अधिक उपयोगाच्या आहेत. बाई शिस्तीच्या आहेत असे ऐकतो, तेव्हा लगदा पाहून त्या काय बोलतील याची धास्ती आहेच.

पैशाचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर निर्णय झाला नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा, बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक खेप, आणि विमानाचे तिकीट. नाना म्हणाले, कांदेबागेचे घड आता निघतील, बऱ्हाणपूरचा भाव बरा राहिला तर तिकिटाची काळजी करू नकोस. ते मनापासून म्हणाले. पण ते वाक्य बोलताना त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला नाही, हेही मी पाहिले.

आता ज्या गोष्टीवर तू बोट ठेवशील ती मीच आधी मांडतो. मी घाबरलो का? गावात बातमी फुटल्यापासून सावद्याच्या स्टँडवर चहा पितानाही कोणीतरी विचारतो, काय मग, केव्हा उडणार? आणि मला ते आवडत होते. बंगळूरूला चाललो म्हटले तर लोक विचारतात, नोकरी लागली का? या कौतुकाच्या मोहात हो म्हणणे जितके चूक, तितकेच विमानतळ, इंग्रजी आणि एकटेपण यांच्या भीतीने नाही म्हणणे. हे दोन्ही माझ्यात आहेत, हे कबूल करून मी स्वतःला एक प्रश्न घातला: हेच आठ आठवडे, हेच काम, हीच रोपे लुव्हेनच्या प्रयोगशाळेत असती आणि बंगळूरूला वर्ग व सहली असत्या, तर? उत्तर विचार करायच्या आधीच आले. मी लुव्हेनला गेलो असतो, आणि भीतीने पोटात गोळा आला असता तरी गेलो असतो. तेव्हापासून मला झोप लागते.

नकार देण्याआधी मी एक केले, जे तूही अशा वेळी करावेस. त्यांना सरळ लिहून विचारले, की ही सवलत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का. दोन दिवसांत सभ्य उत्तर आले: जागा राखता येत नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो आणि तेव्हा विद्यार्थी असणे आवश्यक आहे. पुढच्या उन्हाळ्यात माझे एम.एस्सी.चे दुसरे वर्ष संपत असेल, तेव्हा मी त्या अटीत बसेन की नाही, हे निकाल केव्हा लागतो त्यावर ठरेल. तशी शक्यता कमीच. ती संधी बहुधा गेली, मित्रा. तिच्याबद्दल मला वाईट वाटत नाही असे मी लिहिले तर तू ओळखशील.

पासपोर्ट मात्र परवाच स्पीड पोस्टाने आला. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी चहा घेताना नानांना केळीचा भाव विचारला होता, तो शेरा काही त्यात दिसत नाही. छत्तीस पाने, सगळी कोरी, दहा वर्षांची मुदत. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गव्हाच्या कोठीवर, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवला आहे आणि वरून एक कडुनिंबाची डहाळी टाकली आहे, कसर लागू नये म्हणून.

कर्नाटक एक्सप्रेसचे आरक्षण भुसावळहून १५ मेचे काढले आहे. जवळजवळ एक दिवसाचा प्रवास आहे. त्याआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू येणारच आहेस. तेव्हा भांडायचे ते मनसोक्त भांड. येताना तुझा जुना पांढरा अ‍ॅप्रन घेऊन ये, तुला तो आता कामाचा नाही, आणि मला केळीच्या पानांसाठी नवा घ्यायचा नाही. आईने खापरावरचे मांडे करायचे कबूल केले आहे. नाना तुला मळ्यात नेणार म्हणतात. या खेपेला जुना सदरा घालून ये.

तुझा,
बाकावरचा शेजारी