दोन बादल्यांचं पाणी

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य यांना

सप्रेम नमस्कार.

आठवड्यातून दोन-तीनदा मी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर वडापाव खातो आणि यापुढेही खाणार आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर 'रस्त्यावरचं खाणं बंदच करा' म्हणणाऱ्यांत माझी गणती व्हायची.

त्या गाडीखाली दोन बादल्या असतात. एकीत प्लेट बुडवायची, दुसरीत विसळायची. चार वाजता दुसरीतलं पाणी नितळ असतं. साडेसातला त्यावर तेलाचा तवंग असतो आणि कोथिंबिरीची पानं तरंगत असतात. गाडीवरच्या ताईंना एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "दादा, समोरच्या सोसायटीचा वॉचमन दिवसाला दोन कॅन भरू देतो. तेही त्याचा चहा-वडा ठरलेला म्हणून. तिसरा कुठनं आणू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे असावं म्हणून हे पत्र.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बाहेरचं खाऊ नका, हा सल्ला घरोघर पोचला. गाड्यांवरची गिऱ्हाइकं कमी झाली. पण रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट वळलं ते पाण्याकडे. खाणं रस्त्यावरचं असो की घरचं, पाणीच खराब असेल तर हातमोजे आणि टोप्या घालून काय होणार?

आता गंमत बघा. ताईंच्या गाडीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला आहे. म्हणजे तुमच्या खात्याच्या लेखी त्या अन्न व्यावसायिक. पण अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की त्याच ताई शेगडी तशीच गरम उचलून गल्लीत पळतात, कारण त्यांच्या लेखी त्या अडथळा. पथविक्रेता कायदा 2014 सालचा. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि सर्वेक्षण पुरं होईतो कुणाला उठवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हे सगळं बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना आहेत. पण कागदावर एवढं असूनही ताईंना पळावंच लागतं. ज्याला उद्या इथं उभं राहता येईल की नाही हेच ठाऊक नाही, तो नळजोड कुणाकडे मागणार? मिळाला तरी लावणार कुठे?

तुमच्या खात्याला जमतं, हेही खरं. 2018 मध्ये खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम राज्यात आला. साधा, डोळ्यांना दिसणारा नियम. गिऱ्हाईकसुद्धा तपासू शकेल असा. (आमच्याकडचा रसवाला भुशातली लादी गोणपाटावर फोडतो. ती पांढरीच असते. ती कुठल्या कारखान्यातून येते, हे एकदा कुणी तरी विचारायला हवं.)

माझी मागणीही तशीच डोळ्यांना दिसणारी आहे. फेरीवाला क्षेत्र आखताना तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याला जाळीचं गटार असल्याशिवाय तुमच्या खात्याने संमती देऊ नये. नगरविकास खात्याशी बसून हे ठरवा. पाण्याचे पैसे ताई देतील. वॉचमनला देतातच की. त्यानंतर तुमचे निरीक्षक आले आणि बादली तशीच दिसली, तर खुशाल दंड करा. मी ताईंची बाजू घ्यायला येणार नाही.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. – खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, असं केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये बजावलं होतं. काल मला वडा राशिभविष्याच्या पानात मिळाला. माझ्या राशीवर नेमकी चटणी सांडली होती.