बटर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून काय होणार?

संपादक साहेब, उन्हाळ्यात आमच्याकडे किराणा दुकानात बटर काउंटरवरच पडलेलं असतं, विचारलं तर म्हणतात घरी फ्रीजमध्ये टाका, घट्ट होतं. घट्ट होतं हो, पण आधीसारखं नाही होत! टेबल बटरमध्ये निदान 80 टक्के फॅट, बाकी बरंचसं पाणी, आणि फॅटचे बारीक क्रिस्टल ते पाणी धरून ठेवतात, 20 डिग्रीला पावावर मस्त पसरतं पण 35 च्या पुढे सगळं वितळून पाणी वेगळं पडतं, मग गार केलं तरी रवाळच लागतं. मीठवालं निदान टिकतं तरी, घरचं पांढरं लोणी तर त्यात राहिलेल्या ताकामुळे लगेच आंबतं (त्याचं तूप तरी कढवता येतं म्हणा). अकोल्यात मे महिन्यात 44 डिग्री, दुकानदारांनी दुपारी तरी फ्रीज चालू ठेवावा.

- एक ग्राहक, अकोला