सुध्यास, पुन्हा कॅप्टनकीवरून

ओटावा, रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीच्या मेसेजला उत्तर दिलं नाही, पाडव्याच्याही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ठीक.

लिहायला कारण घडलं आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. आमचा लीड, म्हणजे कामावरचा आमच्या टोळीचा म्होरक्या, घरी बसलाय. जुनं कंत्राट संपलं, नवं पुढे आलं ते कमी सुट्ट्यांचं, याने सही केली नाही. शुक्रवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘तू सांभाळशील का?’ मी आठवडाभराची मुदत मागून बाहेर आलो.

आठवलं ना पिंपरीचं ऑफिस? तू न खेळता बसलास तेव्हा मोरेसाहेबांनी माझ्यापुढे टेबलावर टाकलेला तुझा कॅप्टनचा, दंडावरचा पट्टा? पिवळा, इलॅस्टिक पार गेलेलं, तू सेफ्टीपिन मारून घालायचास. ‘धर, उद्या मुंबईची मॅच आहे,’ एवढंच बोलले. पिनचं टोक वाकडं होतं. पूर्ण मॅचभर दंडाला टोचत होतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

लगेच फणकारू नकोस. मी चुकलो म्हणायला बसलेलो नाही. तो वाद आपण मामूच्या लग्नात, मांडवातच, घालून घेतलाय. आज तुला इथल्या हॉकीचं सांगायचंय. बर्फावरची. तू इथे खेळला असतास तर पहिल्या मिनिटाला फळीवर आपटला असतास, कारण इथे बॉल कवटाळून बसणाऱ्याला कुणी सोडत नाही. (बॉल नाही, रबराची चकती असते.) कॅप्टनच्या छातीवर सी शिवलेला असतो, आणि नियमाबद्दल रेफरीशी बोलायचा हक्क असतो तो त्या अक्षरवाल्यांनाच. बाकीच्यांनी तोंड मिटून बेंचवर जायचं. म्हणजे तुझ्यासाठीच केलेली व्यवस्था.

इथल्या ओटावाच्या टीमचा, सेनेटर्सचा, याशिन म्हणून एक रशियन होता. १९९८-९९ मध्ये कॅप्टन झाला, आणि त्याच सीझनला ४४ गोल, ५० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास). पुढे प्लेऑफमध्ये बफेलोने ओटावाला चारही मॅचमध्ये हरवलं, त्यात याच्या नावावर भोपळा. उन्हाळ्यात हा म्हणाला, पगार वाढवा नाहीतर दुसरीकडे पाठवा. कंत्राटाचं एक वर्ष शिल्लक होतं, साधारण ३६ लाख डॉलरचं. क्लब म्हणाला, वाढवणार नाही आणि सोडणारही नाही. पूर्ण १९९९-२००० तो बसून राहिला. क्लबने निलंबित केलं, सी काढून डॅनियल आल्फ्रेडसनच्या छातीवर लावला. एका सीझन-तिकीटवाल्याने तर याशिनला कोर्टात खेचलं! आणि जून २००० मध्ये लवादाने सांगितलं की बसलेलं वर्ष कंत्राटात धरायचं नाही, ते देणं बाकी आहे. आला बिचारा परत, त्याच पगारावर. घरच्याच मैदानात लोक हुर्यो करायचे, तरी ४० गोल मारले. सी मात्र आल्फ्रेडसनकडेच.

आमच्या कँटीनमधली म्हातारी मंडळी याशिनचं नाव काढलं की अजून कॉफी बाजूला ठेवून बोलतात. मी आधी त्यांच्यासारखाच म्हणायचो, कॅप्टन असून बसतो म्हणजे काय! पण जरा खोलात गेलो आणि मत हललं.

बफेलोचा कॅप्टन तेव्हा मायकेल पेका. पुढच्याच वर्षी, २०००-०१ ला, तोही आख्खा सीझन घरी बसला. आणि गंमत बघ, जून २००१ मध्ये दोघंही न्यूयॉर्क आयलँडर्सने उचलले, एकाच शनिवार-रविवारी. पेकाला तर तिथे लगेच कॅप्टन केलं, आणि १९९४ नंतर पहिल्यांदा ती टीम प्लेऑफला गेली. म्हणजे वर्षभर बसलेला माणूस कॅप्टन व्हायला नालायक ठरतो, ही साहेबलोकांची थाप आहे. फरक असा की पेकाच्या हातात कंत्राटच नव्हतं. याशिनने सही करून वर हात वर केले होते. आणि १९९५ सालीही सीझनचे पहिले काही महिने तो असाच बसला होता, त्यामुळे पोरांनाही कंटाळा आला असणार.

याशिनच्या बदल्यात ओटावाला काय मिळालं? झ्डेनो चारा, आणखी एक खेळाडू, आणि नव्या पोरांच्या वाटपात दुसऱ्या नंबरची निवड, जिच्यातून जेसन स्पेझा आला. चारा पुढे बॉस्टनचा कॅप्टन झाला, २०११ ला लीगचा कप उचलला. स्पेझा ओटावाचाच कॅप्टन झाला. आयलँडर्सनी याशिनला १० वर्षांचे ८ कोटी ७५ लाख कबूल केले, पुढे सी सुद्धा दिला, आणि २००७ ला हिशेब मिटवून घरी पाठवला. त्या हिशेबाचे हप्ते पुढे आठ वर्षं फेडत बसले! मोरेसाहेबांना हे ऐकवायला हवं होतं.

आता आल्फ्रेडसन. तुझ्या जागेवर मी, तसा हा याशिनच्या जागेवर. १४ वर्षं सी घातला. गावाचा देव. आणि २०१३ च्या उन्हाळ्यात हाच देव पैशांवरून डेट्रॉइटला गेला. शेवटच्या वर्षाचा पगार १० लाखांवर ठेवायला तो क्लबच्या सोयीसाठी तयार झाला होता, पुढे खेळलो तर भरपाई होईल या समजुतीवर. ती झाली नाही, असं त्यानेच मागाहून सांगितलं. लोक रडले, पण त्याला याशिन कुणी म्हटलं नाही. २०१६ ला त्याचा ११ नंबर मानाने निवृत्त करून छताला टांगला. सही पाळून मग उठला, म्हणून असेल.

आणि अगदी अलीकडचा ब्रॅडी टकाचुक. २२ वर्षांचा पोरगा, कंत्राट संपलेलं, २०२१ च्या कँपला, सीझनआधीच्या सरावाला, आलाच नाही. १४ ऑक्टोबरला, सीझनची पहिली मॅच त्याच संध्याकाळी, सात वर्षांच्या करारावर सही केली: ५ कोटी ७५ लाख. ५ नोव्हेंबरला त्याच्या छातीवर सी! त्याच क्लबमध्ये, जिथे याशिनचा काढला होता.

आता माझं बोलतो. आमचा लीड टकाचुक आहे, याशिन नाही. त्याने काही मोडलेलं नाही. मॅनेजरला तो याशिन करून हवाय, म्हणून माझ्या हेल्मेटवर घाईने लीडचा स्टिकर लावायचाय. आणि मी विचार करतोय की काम सांभाळतो म्हणावं, पण स्टिकर नको. पेका बसला त्या वर्षी बफेलोने सी कुणालाच दिला नव्हता. टकाचुकच्या वेळीही ओटावाची जागा २०१८ पासून रिकामीच होती. रिकामी ठेवली की बसलेल्याला परत यायला वाट राहते.

तू म्हणशील, हे शहाणपण तेव्हा का नाही सुचलं? कारण तेव्हा मला पर्मनंट व्हायचं होतं, सुध्या. तुलाही. तू बसलास म्हणून आमची पर्मनंटची पत्रं निघाली आणि तुझं निघालं नाही. तू आमच्यासाठी बसलास असं तू कधी म्हणाला नाहीस, आणि मीही ते मान्य करणार नाही, तू स्वतःसाठीच बसला होतास. पण मी पट्टा नाकारला असता तर मोरेंनी तुला आत घेतलं असतं का? मला नाही वाटत. तुला काय वाटतं, खरं सांग.

स्टिकर नको म्हटलं तर हिचं म्हणणं, तासाला मिळणारे जादा पैसे गेले आणि पोरं म्हणतील घाबरला. तेही खरंच.

पूर्वाचं जमलं ऐकून बरं वाटलं. मुलगा नागपूरचा ना? दुकानाचं भाडं मालकाने वाढवलं का? टकल्याला म्हणावं, माझे पाच हजार विसरू नकोस. आईंना नमस्कार.

उत्तर शुक्रवारच्या आत पाठव, आणि लिहून पाठव. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, आणि मग मला हवं ते मी ऐकून घेतो.

तुझा,
विन्या